‘डा’ म्हणजे डावीकडे

आत्याबाई म्हणजे माणूस नव्हे, मोटार. लग्नकार्यात रुसून बसणारी, मानपान झाल्याशिवाय जागची न हलणारी आणि हलली की साऱ्या आळीला कळवणारी एक तरी आत्या प्रत्येक घराण्यात असते. भवानीपूरच्या शरच्चंद्र अण्णांच्या घराण्यात ती नव्हती, म्हणून देवाने त्यांना लढाईच्या आधीची ही काळी गाडी देऊन उणीव भरून काढली, असं त्यांची मुलगी वृंदा म्हणायची. अण्णा कलकत्त्यातच जन्मले आणि तिथल्याच एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवत राहिले. एका साहेबाच्या मुलाला त्यांनी भूमितीतून तारलं होतं. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्या उपकारापोटी गाडी अण्णांच्या दारात ठेवून गेला.

एकोणीसशे छप्पनच्या फेब्रुवारीत, सकाळी सहाला, आत्याबाई बराकपूरच्या छावणीच्या मैदानावर एकोणीस गाड्यांच्या रांगेत उभी होती. मोटर क्लबची ही वार्षिक शर्यत. बालीच्या पुलावरून गंगा ओलांडायची, वर्धमानवरून पानागढला जायचं, तिथून डांबर सोडून सालाच्या रानातल्या लाल मुरमाच्या रस्त्यांनी साठ मैलांचा फेरा मारायचा आणि दिवस मावळायच्या आत बराकपूरला परत यायचं. वाटेत चौक्या होत्या. प्रत्येक चौकीवर ठरल्या वेळी पोचून कार्डावर शिक्का घ्यायचा. डांबरावर कुणीही गाडी हाकतो. मुरमावर मात्र चाकाखालचा खडा कुठे नेईल याचा नेम नसतो, आणि गाड्यांची हाडं तिथेच मोडतात.

डाव्या बाजूला नकाशा मांडीवर घेऊन बसला होता वृंदाचा नवरा श्रीधर. पुण्याचा, बँकेतला अधिकारी, सात वर्षांपूर्वी बदलीवर कलकत्त्याला आलेला आणि अण्णांचा जावई झालेला. उजवीकडे चाकावर होता वृंदाचा धाकटा भाऊ दिगंबर. तो हावड्याच्या एका कारखान्यात फिटर होता. सव्वीस वर्षांचा, हाताला गाडीची नस सापडलेला. मागच्या वर्षी त्याचा डावा हात मोडला होता आणि तो जरा वाकडाच जुळला होता.

“भावोजी, हे बघा,” दिगंबर म्हणाला.

समोरच्या फळीवर त्याने पांढऱ्या रंगाने दोन अक्षरं काढली होती. डावीकडे ‘डा’, उजवीकडे ‘उ’. पहिलीतल्या मुलाच्या पाटीवर असावीत तशी मोठी आणि ठसठशीत.

“या वर्षी चूक नाही होणार. तुम्ही मराठीतच सांगा. ‘डा’ म्हणजे डावीकडे. मी रोज म्हणतो. कारखान्यात जाताना, पुलावर, येताना. डा म्हणजे डावीकडे.”

श्रीधरने नकाशाची घडी उगाच उलगडली आणि पुन्हा घातली.  

“छान काढलीस अक्षरं,” तो म्हणाला.

आता मागच्या वर्षी काय झालं ते सांगायलाच हवं, कारण श्रीधरने ते वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं.

दिगंबर चार वर्षांचा असताना त्याची आई गेली. वृंदा तेव्हा अकरा वर्षांची होती, तिच्या तोंडी मराठी पुरतं बसलं होतं. दिगंबरला मात्र शेजारच्या बंगाली बाईंनी वाढवलं. तो हसायचा बंगालीत, भांडायचा बंगालीत, आणि झोपेत बरळायचा तेही बंगालीत. घरातलं मराठी त्याला समजायचं, बोलताना मात्र तो शब्द असा हुडकायचा की ऐकणाऱ्यालाच घाम फुटावा. गाडीला ‘चांगला’ म्हणायचा आणि रस्त्याला ‘चांगली’. श्रीधरला तो जामाईबाबू म्हणायचा. बंगालीत बहिणीच्या नवऱ्याला म्हणतात तसं, लाडाने, दारातून आत शिरायच्या आधीच ओरडून.

मागच्या वर्षी गाडीत तिघं होते. मागच्या बाकावर अण्णा, शाळेचं घड्याळ घेऊन. पानागढच्या चौकीवर अण्णा शिक्का घ्यायला उतरले तेव्हा दिगंबर श्रीधरला म्हणाला होता, “जामाईबाबू, एक गोष्ट. तुम्ही डावी-उजवी म्हणता, मला आधी मनात त्याचं बांगला करावं लागतं. मुरमावर तेवढा वेळ नाही. आणि ‘डा’ ऐकलं की माझा हात उजवीकडेच जातो. आमच्यात डाईने म्हणजे उजवीकडे. तुम्ही बांगलाच सांगा. डाईने आणि बाँये. ठरलं?”

“ठरलं,” श्रीधर म्हणाला होता आणि त्याने हातावर हातही मारला होता. अण्णा परत आले तेव्हा गाडी सुरू झालेली होती. त्यांना सांगायचं राहून गेलं.

पुढे तासाभराने पलाशडिही गावाच्या अलीकडे फाटा आला. नकाशावर साधा दिसणारा, प्रत्यक्षात सालाच्या झाडांआडून एकदम अंगावर येणारा. डावीकडे गावाचा रस्ता, उजवीकडे मुरमाच्या खाणीकडे जाणारी गाडीवाट, आणि ती वाट शंभर पावलांवर खड्ड्यातच संपलेली. फाटा श्रीधरला उशिरा दिसला. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी मायबोलीच येते. तो ओरडला, “डावीकडे!”

खड्यांच्या माऱ्यात दिगंबरला ‘डा’ तेवढं ऐकू आलं. ठरल्याप्रमाणे त्याने उजवीकडे वळवली.

अण्णांच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. दिगंबरचा हात मोडला आणि कपाळ चाकावर आपटून तो दोन दिवस भ्रमात होता. शुद्धीवर आला तेव्हा वर्धमानच्या पुढचं त्याला काही आठवेना. पानागढचं बोलणंही नाही. श्रीधरच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

इस्पितळात अण्णांनी विचारलं, “श्रीधर, तू काय सांगितलंस रे त्याला?”

“डावीकडे म्हणालो, अण्णा.”

“मीही ऐकलं. स्पष्ट म्हणालास,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. “पोराला मातृभाषा दिली नाही मी. माझंच चुकलं.”

श्रीधरने एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. नरो वा कुंजरो वा म्हणणाऱ्या धर्मराजानेही एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. उद्या सांगू, असं श्रीधरने त्या दिवशी ठरवलं. मग अण्णांच्या पायाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ती वेळ नव्हती. मग दिगंबरचा हात प्लास्टरमध्ये होता, तेव्हाही नव्हती. मग महिना गेला, आणि महिन्यानंतर सांगायचं म्हणजे महिनाभर गप्प का बसलो तेही सांगायला हवं होतं. जावयाची जात मानाची, आणि मान सोडायला श्रीधर तयार नव्हता. खरं कारण एवढंच होतं.

इस्पितळातून घरी आल्यावर अण्णांनी नियम केला की या घरात आजपासून बंगाली बंद. दर रविवारी दिगंबरने मराठी धडा मोठ्याने वाचायचा. पहिल्याच रविवारी दिगंबर मान खाली घालून म्हणाला, “अण्णा, मी खूप चेष्टा करीन.” अण्णांनी काठी आपटली. “बापाचा पाय गेला आणि वर चेष्टा?” वृंदा मध्ये पडली, बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न असं तिने समजावलं. अण्णा ओशाळले, पण नियम काही हलला नाही. दिगंबरने तो शब्दच टाकून दिला. श्रीधरला तो भावोजी म्हणू लागला. कारखान्यातल्या गमती घरी सांगणं थांबलं, दारातून ओरडणं थांबलं. तो जेवायला बसला की भाजी वाढ, आमटी पुरे, एवढंच बोलायचा, आणि तेवढं मात्र बिनचूक बोलायचा.

“आपला दिगू मुका झाला हो,” वृंदा एकदा नवऱ्याला म्हणाली. श्रीधर तेव्हा दाढी करत होता. त्याने आरशातून तिच्याकडे पाहायचं टाळलं.

असा हा माणूस या वर्षी पुन्हा डावीकडच्या बाकावर बसला होता. यायचं नाही असं त्याने दहादा ठरवलं होतं. पण दिगंबर म्हणाला होता, “भावोजी, तुम्ही नसाल तर अण्णा मला गाडी देणार नाहीत.” नाही म्हणायला श्रीधरला तोंडच नव्हतं.

निशाण पडलं आणि आत्याबाई निघाली. वर्धमानपर्यंत तिने काही खुसपट काढलं नाही. पानागढला शिक्का घेतला, डांबर संपलं, लाल धुळीत पहिली गाडी दिसेनाशी झाली आणि चौथ्याच मैलावर आत्याबाईने पहिला मान मागितला. बॉनेटमधून वाफ येऊ लागली. रेडिएटरला बोटभर चीर होती, पाणी टपटपत होतं.

“हळद आहे?” दिगंबरने विचारलं.

“हळद?”

“ताईने दिली असेल. ती देतेच.”

दिली होती. लागलं-खुपलं तर लावायला म्हणून वृंदाने डब्याबरोबर हळदीची पुरचुंडी बांधली होती. दिगंबरने सगळी हळद रेडिएटरमध्ये ओतली, वरून पाण्याची बाटली रिकामी केली. पाच मिनिटांत पिवळं पाणी चिरेतून ठिबकलं, मग घट्ट झालं, मग थांबलं. “आत्याबाईला हळद लागली,” श्रीधर म्हणाला. दिगंबर हसायला तोंड उघडून थांबला. विनोद मराठीत होता, आणि तो समजला की नाही हे ठरवायलाच त्याला क्षणभर लागला. पूर्वी तो असा थांबत नसे.

सोळाव्या मैलावर मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. एका घळीतून वर येताना धाडकन आवाज झाला आणि गाडीची डावी बाजू चाकावर टेकली. दिगंबर जॅक लावून खाली शिरला. श्रीधरने रानातून सालाचा एक ओंडका शोधून आणला, दोघांनी तो तुटक्या पाट्यावर बसवून दोरखंडाने करकचून आवळला. वाकड्या हाताने गाठ मारताना दिगंबर ओठ चावत होता. हात दुखत होता हे उघड होतं.

“दे, मी आवळतो,” श्रीधर म्हणाला.

“नको. तुमचे कपडे खराब होतील.”

एवढ्या साध्या वाक्याने श्रीधरला रडू यायचंच बाकी राहिलं. मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा त्याला निदान दूध तरी गोड लागत असेल. श्रीधरला वर्षभरात काहीच गोड लागलं नव्हतं. अण्णा त्याला अजून ‘अरे श्रीधर’ म्हणत. लग्नातच त्यांनी सांगून टाकलं होतं, “मी जावयाला अहो-जाहो करणार नाही. मला दुसरा मुलगा मिळाला आहे, मी अरेच म्हणणार.” त्या ‘अरे’चा श्रीधरला केवढा अभिमान होता! आता ते ‘अरे’ ऐकलं की त्याला चोरीचा माल अंगावर घातल्यासारखं वाटे.

पलाशडिही चार मैलांवर राहिलं आणि अ‍ॅक्सिलरेटरची तार तुटली. दिगंबर पाय दाबतोय आणि गाडी आपली मरगळून थांबतेय. दुसरी तार नव्हती. दिगंबरने बॉनेट उघडून पाहिलं, डोकं खाजवलं आणि मागच्या पिशवीतून आपला पायजमा काढला. त्याने पायजम्याची नाडी ओढून काढली, तिचं एक टोक इंजिनातल्या दांडीला बांधलं आणि दुसरं बॉनेटच्या फटीतून बाहेर घेऊन डावीकडच्या खिडकीतून श्रीधरच्या हातात दिलं.

“तुम्ही ओढाल तेवढी पळेल. सोडाल तर थांबेल. मी चाक बघतो.”

अशी गाडी जगात कुणी चालवली नसेल. एकाच्या हातात दिशा आणि दुसऱ्याच्या हातात वेग. “ओढा,” दिगंबर म्हणायचा, श्रीधर ओढायचा. “सोडा,” म्हटलं की सोडायचा. नाडी तळव्यात काचत होती. खडे तळाला ताडताड आपटत होते, लाल धूळ दातांत करकरत होती, आणि एवढ्या धबडग्यात दिगंबरच्या चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेला आनंद होता. तो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. श्रीधरने कान दिला.

“डा म्हणजे डावीकडे. डा म्हणजे डावीकडे.”

झाडांआडून फाटा दिसला. या वेळी श्रीधरला तो वेळेवर दिसला, वर्षभर तो रोजच दिसत आला होता. उजवीकडे खाणीची वाट, तिच्या तोंडाशी पळसाचं झाड फुलून लाल झालेलं. डावीकडे गावाचा रस्ता. दिगंबर कान टवकारून वाट पाहत होता. आता फक्त तो शब्द म्हणायचा, दिगंबर अचूक वळणार, आणि वर्षापूर्वीची गोष्ट कायमची मिटणार. दिगंबर नापास झाला होता, आता पास झाला, असं सगळे म्हणणार, आणि सगळ्यांत आधी खुद्द दिगंबरच म्हणणार.

 श्रीधरने नाडी सोडून दिली.

गाडी फाट्याच्या तीस पावलं अलीकडे थांबली.

“काय झालं? तुटली?” दिगंबरने वाकून नाडीकडे पाहिलं.

“दिगू, मागच्या वर्षी तू चुकला नव्हतास.”

“हां?”

“पानागढला आपलं ठरलं होतं. तूच म्हणालास, बांगला सांगा, डाईने आणि बाँये. मी हातावर हात मारला. आणि इथे आल्यावर घाबरून मराठीत ओरडलो. तू ‘डा’ ऐकलंस आणि ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळलास. तू बरोबर वळलास. चूक माझी होती. तुला आठवत नव्हतं, अण्णांना माहीत नव्हतं, आणि मी गप्प बसलो.”

दिगंबर समोर पाहत राहिला, त्या पांढऱ्या अक्षरांकडे. मग दार उघडून खाली उतरला, खाणीच्या वाटेवर दहा-बारा पावलं गेला आणि पाठमोरा उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. तो बंगालीत बोलू लागला, भराभर, मोठ्याने, हात नाचवत. श्रीधरला त्यातलं निम्मं समजलं आणि निम्मं पुरेसं होतं. घरात तोंड उघडायची मला भीती वाटते, असं तो म्हणत होता. बापाचा पाय मी मोडला म्हणून मी रोज रात्री देवाला काय काय म्हणतो ते तुला माहीत आहे का, असं विचारत होता. आणि मग एकदम त्याला मराठी आठवलं. त्याचा आवाज खाली आला.

“मी एवढी चेष्टा केली, भावोजी. वर्षभर. एवढी चेष्टा केली.”

तो शब्द टाकून दिलेला होता, तरी आलाच. आणि श्रीधरच्या मराठी कानाला त्याचा मराठी अर्थच आधी ऐकू आला. चेष्टा खरोखरच झाली होती, पण ती केली होती श्रीधरने.

“मला मार हवं तर,” तो म्हणाला.

दिगंबरने तेलकट बाहीने डोळे पुसले. मागून एक गाडी धूळ उडवत आली, त्यांना ओलांडून डावीकडे गेली. दिगंबर तिच्याकडे पाहत राहिला, मग चाकावर येऊन बसला.

“चला. वेळ जातोय.”

“दिगू...”

“अण्णांना सांगू नका.” तो समोर पाहूनच बोलत होता. “त्यांना तुमचा फार आधार वाटतो. मी चुकलो याची सवय झाली आहे त्यांना. सांगून पाय बरा होणार आहे? नाडी ओढा.”

श्रीधरने नाडी हातात घेतली.

“कुठे वळू?” दिगंबरने विचारलं. पुढे उघड दिसत होतं कुठे वळायचं ते.

“बाँये,” श्रीधर म्हणाला.

त्यानंतरचे मैल कसे गेले ते श्रीधरला नीट सांगता आलं नसतं. हळदीचा लेप दोनदा फुटला, वाटेतल्या तळ्यातून पाणी आणून भरावं लागलं. ओंडका सरकला, पुन्हा आवळला. पानागढला डांबर लागलं तेव्हा परतीला जेमतेम पुरतील एवढेच तास उरले होते. नाडी ओढून ओढून श्रीधरच्या तळहाताची साल निघाली, आणि ते त्याला बरंच वाटलं. डोकं मात्र एकाच गोष्टीपाशी घुटमळत होतं. फिर्यादीनेच फिर्याद मागे घेतली होती. आता गप्प बसायला त्याला परवानगी होती, नव्हे, विनंती होती. ज्याचं नुकसान झालं तोच नको म्हणतो, मग आपण कोण सांगणारे? युक्तिवाद बिनतोड होता. बँकेत असले बिनतोड युक्तिवाद करणारी माणसं श्रीधरने पाहिली होती आणि त्यांच्या हाती त्याने कधी किल्ल्या दिल्या नव्हत्या.

बालीचा पूल ओलांडला तेव्हा गंगेवर ऊन तिरपं झालं होतं. बराकपूरच्या मैदानात आत्याबाई शिरली ती खोकत, एका अंगावर कलून, खिडकीतून नाडी लोंबकळत. घड्याळात सात मिनिटं बाकी होती. एकोणीस गाड्यांतल्या दहा परतल्या होत्या आणि आत्याबाई अकरावी होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या बहुतेक त्या नाडीला.

वडाखाली दोन घडीच्या खुर्च्या होत्या. एकीवर अण्णा बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. दुसरीवर त्यांनी आपली शाल टाकून ती राखून ठेवली होती. सियालदहहून लोकलने ते वृंदाबरोबर आले होते, त्या पायाने, दोन जिने चढून. वृंदा थर्मास घेऊन उभी होती.

“अरे श्रीधर!” अण्णांनी लांबूनच हाक मारली. “आणलीस रे बाबा! ये, बस इथे, तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. त्या फाट्यावर काय झालं? नीट वळला ना हा?”

“वळला, अण्णा.”

“वळणारच!” अण्णांनी शेजारी उभ्या असलेल्या क्लबच्या चिटणिसांना इंग्रजीत सांगितलं की हा माझा जावई, याच्यामुळे मुलगा सुखरूप आला. मग पुन्हा मराठीत म्हणाले, “माझ्या पोराला मला वळण लावता आलं नाही, ते माझ्या जावयाने लावलं.”

 दिगंबर बॉनेट उघडून नाडी सोडवायला लागला होता. त्याने एकदाच श्रीधरकडे पाहिलं आणि नको अशी मान हलवली.

श्रीधर शालीच्या खुर्चीपाशी उभा होता. बसला असता तर सगळं मिटलं असतं.

“अण्णा, मागच्या वर्षीही तो बरोबरच वळला होता,” तो म्हणाला. आणि मग उभ्यानेच, एका दमात, पानागढचं सगळं सांगितलं. हातावर हात मारला तेही सांगितलं. इस्पितळात काय बोललो आणि काय गाळलं तेही. आवाज चढवला नाही की रडला नाही, कारण रडण्याचा हक्कही आपला नाही असं त्याला वाटत होतं.

अण्णांनी मास्तरासारखं सगळं ऐकून घेतलं. शेवटी एकच प्रश्न विचारला.

“म्हणजे ठरलं होतं त्याप्रमाणे उत्तर त्याचं बरोबर होतं?”

“हो.”

अण्णांनी काठी घट्ट टेकली. ते उठायला गेले, पाय साथ देईना. दिगंबर धावत आला आणि त्याने त्यांना खांद्याला धरलं. अण्णांनी वर पाहिलं. मुलाच्या वाकड्या हातावरून त्यांनी आपला हात खाली कोपरापर्यंत फिरवला.

“खोका,” ते म्हणाले. लहान मुलाला बंगालीत म्हणतात तसं. “बोस. आमार पाशे बोस.”

वर्षभरात त्यांच्या तोंडून आलेलं ते पहिलं बंगाली वाक्य होतं. माझ्याजवळ बस, एवढाच त्याचा अर्थ. वृंदाने पदर तोंडाला लावला. अण्णांनी स्वतः शाल उचलून खुर्ची मोकळी केली आणि दिगंबर तिच्यावर बसला, धुळीने लाल, हातात पायजम्याची नाडी.  मग बापाने बंगालीत विचारलं, काय रे, हे नाडीचं काय प्रकरण? आणि दिगंबर सांगायला लागला. हळद, पाटा, तार, सगळं, हात नाचवत, मध्येच स्वतःच हसत, इतक्या मोठ्याने की पलीकडच्या गाडीची माणसं वळून पाहू लागली.

श्रीधर उभाच होता. वृंदाने त्याच्या हातात चहाचा पेला दिला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

गोष्ट संपल्यावर अण्णांची नजर त्याच्याकडे वळली. तीत राग नव्हता. राग असता तर श्रीधरला सोसला असता.

“आपण उभे का, जावईबापू?” अण्णा म्हणाले. “दमला असाल आपण. वृंदा, यांना बसायला काहीतरी बघ.”

पेल्यातला चहा हिंदकळून श्रीधरच्या सोललेल्या तळहातावर सांडला. तो पुढे झाला आणि अण्णांच्या खुर्चीपाशी गवतावरच बसला, विजारीला लाल माती होती तशीच.

“अण्णा, काहीही बोला. पण मला अरे म्हणा.”

 शेजारी दिगंबर नाडीची गुंडाळी करत होता, त्याचा हात थांबला.

“चेष्टा करीन,” अण्णा म्हणाले.

कुणी हसलं नाही. दिगंबरने वाकून श्रीधरच्या हातातला पेला काढून घेतला आणि त्याचा तळहात उताणा करून पाहिला.

“जामाईबाबू,” तो म्हणाला, “हळद तर सगळी आत्याबाईला लावली.”